कोनापुऱ्यांचं विजेवरचं ऊन

सोलापुरात राहून विजेवर ऊन तयार करायला निघालेला माणूस आजवर एकच झाला, आणि तो म्हणजे गिरणीतले टाइमकीपर शिवशरण कोनापुरे. आता सोलापूरचं ऊन म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. माघातच गच्चीची फरशी तळपायाला चटका देते. धोतर दोरीवर टाकताना दुसरं टोक सारखं करेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं. अशा गावात या गृहस्थानं शंभर-शंभरचे सहा बल्ब आणि एक टेबलफॅन लावून टोमॅटो वाळवायचं मनावर घेतलं. बरं, माणूस खुळा म्हणावा तर तसंही नाही. गिरणीचा भोंगा खरा की खोटा, हे ठरवायला लोक कोनापुऱ्यांच्या मनगटाकडं बघायचे. दोष असलाच तर एकच. छापलेल्या मजकुरावर त्यांचा फार विश्वास.

सगळं सुरू झालं ते जेवताना. गड्ड्याच्या जत्रेला म्हणून मंद्रूपहून गौरम्माचे, म्हणजे कोनापुऱ्यांच्या बायकोचे, थोरले भाऊ सिद्धप्पा आले होते. शेंगापोळीवर तूप ओतून घेत ते सहज म्हणाले, "दाजी, औंदा बेलवांग्याला बाजारच न्हाय बघा. चार गाड्या उकिरड्यावर वतल्या."

मंद्रूपकडं टोमॅटोला बेलवांगं म्हणतात. कोनापुऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"अण्णा, याला अज्ञान म्हणतात. रागावू नका. पण आजच्या काळात टोमॅटो फेकायचा नसतो, त्याचं निर्जलीकरण करायचं असतं."

"काय करायचं असतं?"

"वाळवायचा. पण शास्त्रानं. शेतकी प्रदर्शनात पुस्तिका मिळाली आहे मला. गोल चकत्या, एकशेचाळीस अंश उष्णता, दहा तास, वारा खेळता. पेटी घरी होते. पुढच्या वेळी तुमचा एक टोमॅटो उकिरड्यावर जाणार नाही, हा माझा शब्द."

सिद्धप्पांनी दाजींकडं पाहिलं नाही, बहिणीकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढं दाजींनी मंद्रूपच्या घरावर बसवलेली रेडिओची एरियल आली असणार. तिच्यावर रेडिओ कधी लागला नाही, वीज मात्र एकदा पडली.

गौरम्मानं पदर सारखा केला. "करतील की. यांनी मनावर घेतलं तर काय न्हाय होत?"

झालं. बायको माहेरच्या माणसासमोर असं बोलली की नवऱ्याला परतीची वाट राहत नाही. सिद्धप्पा म्हणाले, "मग शेवटच्या तोडीच्या बारा करंड्या धाडतो. बाजारात न्हेतच न्हाय. शिवरात्रीचं पारणं तुमच्याकडं करतो, तवा वाळल्यालं दावा." आणि हात धुवायला उठले. गौरम्मा त्या दिवशी उगीचच दोनदा हसली, आणि तिसऱ्यांदा देवापुढं जाऊन काहीतरी पुटपुटली.

पुस्तिका बेचाळीस पानांची होती. कोनापुऱ्यांनी ती अकराव्या पानापासून वाचली होती, कारण आकृती अकराव्या पानावर होती. प्रस्तावना ते कुठल्याच पुस्तकाची वाचत नसत. प्रस्तावना म्हणजे आभार, आणि आपले त्यात नसतात, असं त्यांचं म्हणणं.

आकृतीत दाखवलेली पेटी हुबेहूब गौरम्माच्या कपाटासारखी होती. जाळीचं सागवानी कपाट, तिच्या आईचं. लग्नात ते मंद्रूपहून बैलगाडीतून आलं होतं, त्यात दूध, दही, लोणी, विरजण असायचं, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे चार पाय पाण्याच्या चार वाट्यांत उभे असायचे. कोनापुरे कपाटापुढं फूटपट्टी घेऊन उभे राहिले तेव्हाच गौरम्मा हातातलं काम टाकून पुढं आली.

"अहो, त्याला हात लावू नका. आईची तेवढीच खूण हाय माझ्याकडं."

"पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

"शिवरात्रीचं पारणं सोडायला अण्णा येईल, तवा मला ते जागेवर पायजे. वाट्यांसकट."

"वाट्यांसकट," कोनापुऱ्यांनी कबूल केलं.

कल्लप्पा सुतारानं बांबूच्या सहा चाळण्या केल्या. त्या कपाटापेक्षा बोटभर मोठ्या निघाल्या. "कपाट आकसलंय," कल्लप्पा शांतपणे म्हणाला, आणि चाळण्यांना हात न लावता कपाटाची आतली बाजू तासायला लागला. नंतर जाळीवर बाहेरून पत्रा ठोकला, वर आणि खाली वाऱ्यासाठी भोकं पाडली. प्रत्येक खिळ्यागणिक स्वयंपाकघरातून "अय्यो" ऐकू यायचं. एकूण एकोणचाळीस खिळे होते.

त्याच आठवड्यात मंद्रूपच्या एस.टी.च्या टपावरून बारा करंड्या उतरल्या. त्या दोन खोल्यांच्या घरात टोमॅटो आणि कोनापुरे यांतलं एक काहीतरी बाहेर झोपणार हे उघड होतं. कोनापुरे ओट्यावर झोपायला लागले.

पुस्तिकेत लिहिलं होतं, टोमॅटोच्या पाव इंच जाडीच्या गोल चकत्या कराव्यात. गौरम्मा विळी घेऊन बसली आणि सवयीनं एका टोमॅटोला भरल्या वांग्यासारखी चीर दिली, चार फाका देठाशी जोडलेल्या.

"चूक!" कोनापुरे ओरडले. "पान सोळा. गोल चकती. पाव इंच."

"आमच्याकडं वाळवनाला असाच चिरत्यात. आत मीठ भरायचं, दोरीवर घालायचं."

"तुमच्याकडं उकिरड्यावर पण टाकतात."

हे बोलायला नको होतं. गौरम्मानं विळी सरकवून दिली आणि ती दळण घेऊन बाहेर गेली. मग कोनापुऱ्यांनी स्वतः फूटपट्टी लावून चकत्या केल्या. रस कोपरापर्यंत आला, तिथून बनियनमध्ये गेला.

आता एकशेचाळीस अंश मोजायचे कशानं? शेजारी गुरुबसप्पा राहायचे. ते एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होते, त्यामुळं रोग सोडून सगळ्या विषयांवर सल्ला द्यायचे. त्यांनी दवाखान्यातला थर्मामीटर आणून दिला. तो तापाचा होता. कोनापुऱ्यांनी तो वरच्या चाळणीशी बांधला आणि दार लावून खुर्ची टाकून बसले. पाच मिनिटांत आत टिचकन आवाज झाला. पारा मोत्यासारखा चकत्यांवरून घरंगळला आणि त्या चाळणीतला माल सगळाच्या सगळा उकिरड्यावर गेला.

"एकशेआठपर्यंतच जातो तो," गुरुबसप्पा म्हणाले. "त्याच्यावर माणूस राहत नाही ना."

"हे आधी सांगायचं!"

"तुम्ही कुठं विचारलंत? जाऊ दे, दवाखान्यात सांगतो, पेशंट फारच तापला होता."

दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. पाण्याच्या वाट्यांमुळं हवेत दमटपणा राहतो असं पान एकोणीसवर होतं, म्हणून कोनापुऱ्यांनी वाट्या काढून टाकल्या होत्या. वीस वर्षं ज्या कपाटाला मुंगीचं पाऊल लागलं नव्हतं, त्याच्या चारी पायांवरून काळ्या रांगा चढल्या. कोनापुऱ्यांनी हळदीची रेघ ओढली, राखेची ओढली, शेवटी पायांना ग्रीस फासलं. मुंग्या थांबल्या, पण कपाटाजवळून जाणारा प्रत्येकजण ग्रीस घेऊन जायला लागला. गौरम्माच्या इरकली लुगड्याला लागलेला डाग अजून निघालेला नाही.

तिसऱ्या दिवसापासून वीजकपात. रोज दुपारी दोन ते सहा. म्हणजे दहा तासांचे मधले चार तास गेले. वरच्या चाळणीतल्या चकत्या जळून पापड झाल्या, खालच्या तशाच ओल्या राहून आंबल्या, आणि घराला ताडीच्या दुकानाचा वास सुटला. कोनापुरे आयुष्यात कधी सुपारीच्याही वाटेला गेले नव्हते. त्यांना गिरणीत जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, घरात काही त्रास आहे का?"

संध्याकाळी वीज आली की मात्र पेटीला शोभा यायची. पत्र्याच्या भोकांतून लालसर उजेड बाहेर पडायचा, पंखा घुमायचा. बोळातल्या मल्लव्वा आजींना वाटलं, शिवरात्रीचं काहीतरी व्रत मांडलंय. त्या रोज खिडकीतून हात जोडून जायच्या. एकदा उंबऱ्यावर नारळ ठेवून गेल्या. कोनापुऱ्यांनी समजावलं, "आजी, देव नाही, टोमॅटो आहेत." आजी म्हणाल्या, "असू दे की बाबा. ज्याचा त्याचा भाव."

गुरुबसप्पा अधिक व्यवहारी. त्यांनी एक दिवस पेटीचं दार उघडून पाहिलं आणि म्हणाले, "चार चाळण्यांत आहे माल. दोन रिकाम्या. वीज तर जळतेच आहे." आणि आपली धुतलेली बंडी पसरून ठेवली. कोनापुऱ्यांना संताप आला, पण फुटलेला थर्मामीटर मध्ये होता. त्यांनी पेटीचं दार लावून घेतलं.

एव्हाना हिशेब वेळेचा झाला होता, आणि वेळ हा कोनापुऱ्यांचा धंदा. एका खेपेला अर्धी करंडी, वीजकपात धरून चौदा तास, गिरणीची ड्युटी वेगळी. शिवरात्र सात दिवसांवर. बारा करंड्या संपायला होळी उजाडली असती. करंड्या कमी होत होत्या हे खरं, पण घरात रोज टोमॅटोचं सार, टोमॅटोची चटणी, पिठल्यात टोमॅटो असं चाललं होतं, म्हणून त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. त्यांच्या मते सगळा दोष वीजकपातीचा होता. आणि इथं त्यांनी ते केलं, जे टाइमकीपरशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं. त्यांनी वीज कचेरीला अर्ज दिला. स्वतःहून! 'आमच्या बोळातील वीजकपात दुपारी दोनऐवजी रात्री दहानंतर करावी, कारण घरी निर्जलीकरण चालू आहे.' खाली सही, तारीख, आणि वेळ तास-मिनिटांसह. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कचेरीतल्या साहेबांनी त्यांना समोर बसवून घेतलं.

"यंत्र किती हॉर्सपॉवरचं?"

"हॉर्सपॉवर नाही हो. सहा बल्ब आणि एक पंखा."

"बल्ब कशाला?"

"टोमॅटो वाळवायला."

साहेबांनी चष्मा वर केला. "घरगुती कनेक्शनवर बल्ब उजेडासाठी असतो. तुमच्या बल्बचा उजेड तुम्ही वापरता का?"

"कपाट बंद असतं. आतला उजेड कोण वापरणार?"

"टोमॅटो वापरतात?"

"त्यांना फक्त ऊब लागते."

"मग हा उद्योग झाला," साहेब समाधानानं म्हणाले आणि त्यांनी दुसरी फाइल ओढली. "उद्योगाला कनेक्शन वेगळं."

कोनापुरे हार मानणारे नव्हते. "समजा, मी कपाटाला काच बसवली आणि त्या उजेडात पेपर वाचला तर?"

साहेबांनी खरोखर विचार केला. "तर मिश्र वापर. त्याचा फॉर्म निराळा. आणि तो संपलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब एक शिपाई घेऊन घरी आले. पेटी पाहिली, बल्ब मोजले, पंखा बंद करून पुन्हा चालू केला आणि म्हणाले, "चौकशी पूर्ण होईपर्यंत यंत्र सील." कोनापुरे काही बोलायच्या आत शिपायानं वायर काढली, कपाटाच्या दारावर सुतळी ओढली, मेणबत्ती पेटवली, लाख टपटप ओतली, आणि साहेबांनी खिशातून पितळी शिक्का काढून तीन ठिकाणी दाबला. आत दोन चाळण्या चकत्या, सहा बल्ब, एक पंखा आणि गुरुबसप्पांची बंडी.

"माझी बंडी!" गुरुबसप्पा धावत आले.

"आता ती पुरावा आहे," साहेब म्हणाले.

गौरम्मानं कपाटाकडं पाहिलं, लाखेकडं पाहिलं आणि ती जिना चढून गच्चीवर निघून गेली. ती ओरडली असती तर कोनापुऱ्यांना बरं वाटलं असतं.

त्यांनी तीन दिवस कचेरीचे उंबरे झिजवले. पहिल्या दिवशी साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी कळलं, साहेब करमाळ्याला मेहुणीच्या लग्नाला गेलेत. तिसऱ्या दिवशी कारकुनानं सांगितलं, "सील ज्यांनी लावलं त्यांनीच काढायचं असतं. शिक्का त्यांच्याच खिशात आहे." रोज परत येताना गुरुबसप्पा दारात उभे असायचे. "बंडीचं काय झालं?" जणू कोनापुऱ्यांच्या घरात दुसरा काही प्रश्नच नव्हता.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी कोनापुरे गिरणीतून दुपारीच घरी आले. डोकं दुखतंय असं त्यांनी सांगितलं होतं, आणि नोकरीतली ही त्यांची पहिली अर्धी रजा. घरात गौरम्मा नव्हती. करंड्याही नव्हत्या. एकसुद्धा नाही! ते घाबरून गच्चीवर गेले आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबले.

गच्ची लाल होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जुन्या चादरींवर टोमॅटो पसरलेले, दोऱ्यांना तोरणासारखे टांगलेले, प्रत्येकाला चार फाका, देठाशी जोडलेल्या, आत मीठ. काही चामड्यासारखे लवचिक झालेले, काही कुरकुरीत. मधे गौरम्मा डोक्यावरून पदर घेऊन बसली होती आणि एकेक उलटा करत होती.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुमचा थर्मामीटर फुटला त्या दिवसापासनं. तुमचा भोंगा झाला की मी वर येते. ऊन फुकट जात होतं, म्हटलं टाकावं."

कोनापुरे खाली बसले आणि चटका बसून पुन्हा उभे राहिले. गौरम्मानं चादरीच्या कोपऱ्यातून पुस्तिका काढली. उडू नये म्हणून ती दगडाखाली ठेवली होती.

"ह्ये पहिलं पान वाचलं न्हाय का तुमी?"

"प्रस्तावना आहे ती."

"वाचा की."

त्यांनी वाचलं. 'ही पेटी कोकणासारख्या दमट प्रदेशांसाठी आहे. ज्या भागांत कोरडे व कडक ऊन मुबलक मिळते, तेथील लोकांनी या खटाटोपात पडू नये. त्यांना गच्ची पुरेशी आहे.' त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, मग पुस्तिका घडी करून खिशात घातली. त्यांच्या कानशिलांवर जी लाली आली ती उन्हाची नव्हती.

"आता अण्णांना काय सांगायचं?"

गौरम्मानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. "यंत्रानं वाळवली म्हणून सांगा."

"गौरी..."

"मीच म्हनले होते, यांनी मनावर घेतलं तर काय न्हाय होत. वीस वर्सं म्हणत आले. एकदा तरी खरं होऊ दे की माझं." तिचा आवाज चिरकला, आणि तिनं घाईनं दुसऱ्या रांगेकडं तोंड फिरवलं. तिच्या बोटांना मिठानं भेगा पडल्या होत्या. कोनापुऱ्यांनी त्या तेव्हा पाहिल्या, पण पाहिल्याचं दाखवलं नाही.

पारण्याच्या दिवशी सकाळी सिद्धप्पा आले. आल्याआल्या त्यांनी विचारलं, "आयचं कपाट कुटं हाय?" कपाट खोलीच्या कोपऱ्यात पश्चिमेच्या खिडकीशी होतं, वरून नवी कोरी चादर पांघरलेली. ते नेमके त्याच्यापुढंच पाटावर बसले. चादर जरा सरकली आणि लाखेचा लाल ठिपका दिसला.

"ह्ये काय?"

कोनापुरे चादर सारखी करायला उठले. पण दारात गुरुबसप्पा होतेच. बंडी अडकलेला माणूस खोटं बोलायला मागंपुढं पाहत नाही. ते म्हणाले, "सरकारनं सील केलंय. यंत्राची नक्कल होऊ नये म्हणून. फार मोठा शोध आहे."

"व्हय?" सिद्धप्पांनी कपाटाकडं आदरानं पाहिलं.

गौरम्मानं वाढलं. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, भात, आणि वाळल्या टोमॅटोची आमटी. शेजारी ताटलीत वाळलेले टोमॅटो तसेच मांडलेले. सिद्धप्पांनी आमटीचा भुरका मारला, डोळे मिटले, आणि बराच वेळ ते मिटलेलेच राहिले.

"लई झ्याक झालंय. यंत्राचं काम म्हनायचं ह्ये?"

"हं," कोनापुरे म्हणाले.

"समदं यंत्रानंच?"

"हं."

"मग बरं झालं. म्या मंद्रूपच्या बाजारात सांगूनच टाकलंय. सोमवारी सात गाड्या येत्यात तुमच्या दारात. पाटलाच्या दोन, आमच्या भावकीच्या पाच. त्यांनी माल बाजारात न्हेलाच न्हाय. दाजींवर भरवसा हाय समद्यांचा."

कोनापुऱ्यांनी भाकरी खाली ठेवली. सात गाड्या! बोळात एक गाडी वळत नाही. पण खरं सांगायचं तर त्यांना गाड्यांपेक्षा जास्त टोचला तो आपला हुंकार. समोर गौरम्मा भाताचं पातेलं घेऊन उभी होती, नजर खाली, आणि पातेल्याच्या काठावर तिची ती भेगाळलेली बोटं. इतके दिवस उन्हात बसून तिनं उरलेल्या सगळ्या करंड्या वाळवल्या, आणि आपण 'हं' म्हणून त्या खिशात घातल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"अण्णा, गाड्या थांबवा."

"का वो?"

"यंत्रानं एकसुद्धा टोमॅटो वाळला नाही. एकही नाही. जळले, आंबले, मुंग्यांनी खाल्ले. सरकारनं सील केलंय ते माझ्या मूर्खपणाला. हे सगळे गौरीनं वाळवलेत, गच्चीवर, उन्हात. मला पत्तासुद्धा नव्हता. तिनं मला तुमच्यापुढं वाचवायला खोटं सांगायला लावलं, आणि मीही सांगितलं. चुकलो मी."

गौरम्मा कशीबशी म्हणाली, "अहो, हळू बोला की. शेजारी ऐकतील."

"ऐकलं मी!" भिंतीपलीकडून गुरुबसप्पांचा आवाज आला. ते कधी तिकडं गेले कुणास ठाऊक.

सिद्धप्पांनी ताटलीतला एक वाळलेला टोमॅटो उचलला आणि तळहातावर ठेवून त्याच्या चार फाका हळूच उघडल्या.

"दाजी, त्या दिवशी तुमी काय म्हनला व्हता, गोल चकत्या का काय?"

"पाव इंच," कोनापुऱ्यांच्या तोंडून निघून गेलं.

"आन् ह्ये काय हाय? चार फाका, देठाला धरून. ही चीर आमच्या आयची. वांग्याला, मिरचीला, समद्याला ती अशीच चीर द्यायची. तिच्या मागं ही चीर दोघांनाच येती, एक गौरीला आन् एक मला. ताट वाढलं तवाच वळखलं म्या."

"मग... सात गाड्या?"

"कुटल्या गाड्या? मंद्रूपची माणसं काय येडी हायत?" सिद्धप्पा हसले, पण त्यांचे डोळे ओले होते. "म्हटलं बघावं, आमच्या बहिणीचं काम दाजी कुनाच्या नावावर लिवत्यात. एरियलवर ईज पडली तवा ढगाचं चुकलं म्हनला. आज पहिल्यांदा तुमच्या तोंडनं 'चुकलो' ऐकलं बघा. वाढ गं गौरी, दाजींना आमटी वाढ."

गौरम्मानं वाढली. भरपूर वाढली, आणि वरून तूपही सोडलं, जे आमटीवर कोणी सोडत नाही. मग पदर तोंडाला लावून आत गेली. कोनापुऱ्यांनी ती आमटी खाली मान घालून शेवटच्या थेंबापर्यंत ओरपली.

करमाळ्याचं लग्न उरकून साहेब परतले ते सील लावल्यापासून आठव्या दिवशी. त्यांनी तिन्ही शिक्के तपासले, सुतळी कापली आणि दार उघडलं. सगळे नाकाला पदर-रुमाल लावून उभे होते, कारण आत दोन चाळण्या ओलसर चकत्या कोंडलेल्या होत्या. पण वास आलाच नाही. चकत्या वाळल्या होत्या, एकसारख्या, लाल, कुरकुरीत, एकही न जळता, एकही न आंबता. आठ दिवस वीज नाही, पंखा नाही, फक्त पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन पत्र्यावर पडत होतं. गुरुबसप्पांची बंडी तर कडक भाकरीसारखी झाली होती. त्यांनी ती हातात घेतली तर ती आडवी ताठच राहिली.

साहेबांनी एक चकती तोंडात टाकली. मग दुसरी. "वा! कोनापुरे, चौकशी आटोपली समजा. आमच्या घरीही करून बघतो. कसं करायचं ते पुस्तकात दिलंय म्हणालात ना?"

कोनापुऱ्यांनी खिशातली पुस्तिका काढून त्यांच्या हातात दिली.

"कोणत्या पानावर आहे?"

"पहिल्याच. फक्त तेवढंच वाचा साहेब. पुढं गेलात की घरातलं एक कपाट जातं."

आणि ते वळले तर गौरम्मा खाली बसून कपाटाच्या चार पायांचं ग्रीस चिंधीनं पुसत होती, आणि शेजारी पाण्यानं भरलेल्या चार वाट्या ठेवलेल्या होत्या. कोनापुऱ्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि कपाट उचलून धरलं.